कानावर आलेलं आणि ठरवलेलं

१ सप्टेंबर, रविवार

एका उत्तराची किंमत काय पडली, ते आज बसून मांडलं. उत्तर माझ्याच कागदावरचं, क्लासात पोरांकडून पाठ करून घेतो त्या कागदाच्या दुसऱ्या पानावरचं: ‘माय फादर इज माय रोल मॉडेल. ही इज अ फार्मर. ही वेक्स अप ॲट फाइव्ह.’

धाराशिवला मोबाईलच्या एका दुकानात मुलाखती होत्या. माझ्या क्लासची तीन पोरं गेली आणि तिघांनीही हेच सांगितलं. पहिल्याला साहेब ‘व्हेरी गुड’ म्हणाला. सृष्टीकडं नुसता बघत राहिला. तिसरा शिवशंकर. त्याचं ऐकून साहेब हसला आणि मराठीत म्हणाला, “तुमच्या ईट गावात सगळ्यांना मिळून एकच बाप आहे का?”

तर किंमत अशी. तिघांच्या हातच्या नोकऱ्या गेल्या. सृष्टीचे वडील एसटीत कंडक्टर, ते तिच्याशी बोलायचे बंद झाले. म्हणाले, “मी काय वाईट हाय, की बापच बदलून आलीस?” पहिला पोरगा क्लास सोडून गेला, जाताना दोघांना घेऊन गेला. आणि शिवशंकर. त्याचा बाप जाऊन दोन वर्षं झाली, तरी पोरगं सांगून आलं की माझे वडील पाचला उठतात. काल त्याची आई सिताबाई दारात आली. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “सर, तुमच्या विंग्रजीत त्यो अजून हाय व्हय? असू द्या मग.” आणि गेली.

ही शेवटची रक्कम कोणत्या बाजूला लिहायची, ते मला कळलेलं नाही.

मी आपला बाजारातला माणूस. बाप हरिबा मेंढरं राखायचा. मी शेळ्या-बोकडांची दलाली केली. आमच्याकडं हेड्या म्हणतात. मग हैदराबादला हॉटेलात आठ वर्षं टेबलं पुसली आणि गिऱ्हाइकांचं इंग्रजी कानानं उचललं. मास्तर नव्हता, पुस्तक नव्हतं, कान तेवढे होते. आज ईटच्या स्टँडवर उतरलं की बोर्ड दिसतो: ‘महारुद्र स्पोकन इंग्लिश. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. नोकरीची शंभर टक्के हमी.’ खाली मल्हारचा टाय लावलेला फोटो. मल्हार म्हणजे माझ्या पहिल्या बॅचचा हिरा, पुण्याला कॉल सेंटरला लागला. त्याच्या एका फोटोवर पुढच्या पाच बॅचा भरल्या.

आणि कान म्हणाल तर, माझ्या हाताखालून गेलेलं पोरगं अंधारात नुसतं खोकललं तरी मी नाव सांगतो. माणूस दोन वाक्यं बोलला की तालुका सांगतो. महानंदा म्हणते, “एवढे कान, मग मी हाक मारलेली तेवढी कशी ऐकू येत नाही?” बायकोची गोष्ट वेगळी.

४ सप्टेंबर

एसटीनं धाराशिवला जाऊन आलो. तिथं कॉलेजात वर्षाराणी मॅडम इंग्रजी शिकवतात. त्यांचे वडील माझं जुनं गिऱ्हाईक. तास चालू होता म्हणून दाराबाहेर उभा राहिलो आणि कान आत ठेवले. अर्ध्या तासात बाईंनी एकही उत्तर दिलं नाही. वर्तमानपत्रातली साबणाची जाहिरात वाचायची आणि विचारायचं, हे कोण म्हणतंय? कशावरून? काय सांगायचं टाळलंय? पोरं अडखळत, चुकत, पण इंग्रजीतच भांडत होती.

चहाला बसल्यावर मॅडमना घडलेलं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “महारुद्रदादा, तुम्ही पोरांना वाक्यं देता. पण त्यांना काही म्हणायचंय का, हे विचारत नाही. ज्याला काही म्हणायचंच नाही, तो पाठ केलेलंच बोलणार की.”

“मॅडम, बाजारात गिऱ्हाईक प्रश्न विचारायला लागलं की सौदा मोडतो.”

“खोटा सौदा मोडतो,” त्या म्हणाल्या.

येताना बसमध्ये हेच डोक्यात. त्यांनी काही खेळ सांगितले. ऐकलेलं वेगळं लिहायचं आणि त्यावरून ठरवलेलं वेगळं लिहायचं. एकाच गोष्टीची बाजू घ्यायची, मग तिचीच उलटी बाजू घ्यायची. खेळ सोपे आहेत. पण उत्तरांचा कागद काढून घेतला तर माझ्याकडं विकायला राहतं काय?

९ सप्टेंबर, सोमवार

गोरोबा आला होता. त्याची खव्याची भट्टी आहे, आणि मुलगी आरोही माझ्याकडं जूनपासून येते. बारावी झाली. खिडकीपाशी बसते, तोंड उघडत नाही.

गोरोबा म्हणाला, “महारुद्रा, बार्शीकडचं एक स्थळ आलंय. पोरगी म्हणती नोकरी करते. मी म्हणलं, दिवाळीपतूर बघ. लागली तर जा, न्हाय तर पोरासंगं बोलणी. तू सांग, लागती का?”

मी बोर्डाकडं बोट केलं. “शंभर टक्के लिहिलंय ते उगंच का? दिवाळीला तुझी पोरगी पगार घेऊन येईल. माझा शब्द.”

आरोही बापामागं उभी होती. हळूच म्हणाली, “सर, न्हाय लागली तर?”

“अगं, शुभ बोल नाऱ्या!”

ह्या पोरीचं कसं व्हायचं? सगळ्यात कच्ची हीच आहे आणि शब्द हिच्याच बापाला देऊन बसलो.

१२ सप्टेंबर

आज क्लासात बोकड नेलं. मॅडमची साबणाची जाहिरात धाराशिवला ठीक, ईटला बोकडच पाहिजे.

टेबलाच्या पायाला बांधलं आणि फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडं ‘कानावर-डोळ्यांसमोर काय आलं’, उजवीकडं ‘मी काय ठरवलं’. मॅडमचाच खेळ, पण मी त्याला बाजाराचं रूप दिलं. पोरांना सांगितलं, हेड्या कधी म्हणत नाही की बोकड चांगलं आहे. तो दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, श्वास ऐकतो, आणि मग ठरवतो. बघणं आणि ठरवणं ह्यांच्यामध्ये जो हात घालतो तो पैसा कमावतो.

सृष्टी उठली. “धिस गोट इज हेल्दी.”

“हाऊ डू यू नो?”

“सर, तुमचं हाय म्हणून.”

“इन इंग्लिश!”

“बिकॉज… बिकॉज ओनर इज सर.”

शिवशंकर मागून ओरडला, “दॅट इज नॉट प्रूफ! दॅट इज भीती!” सगळा वर्ग हसला. हा पोरगा त्या मुलाखतीनंतर आज पहिल्यांदा बोलला. मग एकेकाला कंठ फुटला. कुणी म्हणालं, इट्स आइज आर यलो. कुणी म्हणालं, नो, गोट आइज आर ऑल्वेज यलो. व्याकरणाचा चुराडा झाला, पण पाठ केलेलं एक वाक्य कानावर आलं नाही. तेवढ्यात बोकडानं टेबलावरचा उत्तरांचा कागद ओढला आणि दुसरं पान खाल्लं. नेमकं दुसरंच.

आरोहीला मुद्दाम उठवलं. ती बराच वेळ बोकडाकडं बघत उभी. मग थांबत थांबत म्हणाली, “इट इज ईटिंग पेपर. गोट लाइक्स लीफ. सो मे बी… नोबडी गेव्ह इट फूड टुडे.”

एवढ्या तीन वाक्यांना पोरीनं पाव तास लावला. मुलाखतीत कोण थांबणार हिच्यासाठी? (बोकडाला सकाळचा पाला घालायचा राहिला होता, ही गोष्ट वेगळी. घाईत राहून गेला.)

१९ सप्टेंबर

गणपती बसून उठले, पण माझ्या डोक्यातला ढोल थांबत नाही. पोरं बोलायला लागली हे खरं. पण आता घरोघर बोलायला लागली. एकाच्या चुलत्यानं व्हॉट्सॲपवर कसला तरी काढा पाठवला, तर पोरगं म्हणालं, कशावरून? कोण म्हणतंय? चुलता माझ्या दारात. “सर, इंग्रजी शिकवायला पाठवलंय का उलट बोलायला?”

आज तर कहर झाला. मी म्हणालो, आपल्या गावात जे काही लिहिलेलं दिसतं ते तपासा. शिवशंकरनं माझाच बोर्ड घेतला.

“सर, ‘शंभर टक्के हमी’. फॅक्ट ऑर ओपिनियन?”

“फॅक्ट.”

“हाऊ डू यू नो? आमी तिघं तर परत आलो.”

मी मल्हारच्या फोटोवर छडी ठेवली. “हा बघ पुरावा. पुण्याला आहे.”

खिडकीपाशी आरोही बोलली. आपणहून बोलली, हे पहिल्यांदाच. “सर, शेवटचं कधी बोललाव मल्हारदादाशी?”

“झाली असतील दोन-तीन वर्षं.”

“मग आता पुण्यात हायेत, हे कानावर आलेलं का ठरवलेलं?”

मी हसून वेळ मारून नेली, पण तास पाच मिनिटं लवकर सोडला. छडी हातात राहिली ती घरी आल्यावर महानंदानं काढून घेतली. आपण सुरी धार लावून द्यावी आणि पोरांनी पहिली आपल्याच सदऱ्यावर चालवून बघावी, असलं हे शिकवणं आहे. कागद परत आणावा का?

२४ सप्टेंबर

देव आहे.

काल व्हॉट्सॲपवर एक जाहिरात आली. बेंगळुरूला मोठं हॉस्पिटल, स्वागत-टेबलावर बसायला मुली पाहिजेत, राहायची सोय, ‘ग्रामीण उमेदवारांना प्राधान्य’. आज नंबरावर फोन केला. मिस्टर सॅम म्हणून साहेब आहेत. काय ते इंग्रजी! शब्द कसे तुपातून काढल्यासारखे. ‘सर्टनली’ म्हणताना मधला ट ऐकूच येत नाही. असलं इंग्रजी मी हैदराबादला विमान कंपनीच्या माणसांच्या तोंडी ऐकलं होतं, त्यानंतर आजच. इंग्रजी शाळेत वाढलेला, शिकलेल्या घरातला, बहुधा आई ख्रिश्चन. मागं एकसारखी घरघर होती. सेंट्रल एसी असणार.

त्यांनी मला ‘महारुद्र सर’ म्हटलं. मी नाव सांगायच्या आधीच. मोठी माणसं माहिती काढून ठेवतात.

३० सप्टेंबर

सॅम साहेबांशी पुन्हा बोलणं झालं. आरोहीचं नाव दिलं. ते म्हणाले, ‘वी बिलीव्ह इन हार्ड वर्क ॲण्ड स्मार्ट वर्क बोथ’. ऐकून छाती भरून आली. हे वाक्य माझ्या कागदावर तिसऱ्या पानावर जसंच्या तसं आहे! म्हणजे कागद बरोबर होता. वर्षाराणी मॅडमना एकदा सांगितलं पाहिजे की, जे वाक्य बेंगळुरूत चालतं ते आम्ही ईटला शिकवत होतो.

बोलता बोलता मागं म्हैस हंबरली. पहिल्यांदा चमकलो. पण कर्नाटकात दूधदुभतं चांगलं आहे, हॉस्पिटलला स्वतःचा गोठा असेल. मोठ्या हॉस्पिटलात रोग्याला ताजं दूध देतात.

नेमणूक झाली की दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडं जमा करायची आणि दसऱ्यानंतर निघायचं. ट्रेनिंगच्या फीचं नंतर सांगतो म्हणाले. गोरोबाला भट्टीवर जाऊन सगळं सांगितलं, एसी आणि गोठ्यासकट. त्यानं खवा घोटायची मोटार बंद केली, पंच्यानं हात पुसले आणि माझे हात धरले. “महारुद्रा, तू लई मोठं काम केलंस.”

आरोही चुलीपाशी होती. “सर, हॉस्पिटलचं नाव काय?”

सांगितलं.

“गेलेली कुणी पोरगी हाय का तिथं?”

“असतील की शंभर!”

“एक तरी बोलंल का माझ्याशी?”

मी म्हणालो, आधी मुलाखत तर दे. भित्री आहे. घर सोडायचं भय आहे, दुसरं काही नाही. बाहेर पडली की सुधारेल.

३ ऑक्टोबर

घट बसले. आज चहा दोनदा गार झाला. काय खटकतंय ते सापडत नाही. बाजारात असं झालं की मी सौदा सोडून पान खायला जायचो आणि परत येऊन बोकडाकडं बघायचो. इथं बघायला काही नाही, नुसता आवाज आहे. पण आवाज इतका चांगला आहे!

७ ऑक्टोबर, सोमवार

मुलाखत झाली. क्लासातच लॅपटॉप मांडला. सगळा वर्ग बसवला, म्हटलं बघू द्या. गोरोबा आणि त्याची बायको मागच्या बाकावर. सॅम साहेबांनी कॅमेरा लावला नाही, म्हणाले नेटवर्क. आवाज मात्र वर्गात भरून राहिला.

“टेल मी अबाउट युवर फादर.”

दुसरं पान! पण आरोही म्हणाली, “माय फादर मेक्स खवा. ही इज हिअर, ऑन द लास्ट बेंच. ही इज अफ्रेड टुडे. सो ॲम आय.” गोरोबाला इंग्रजी येत नाही, पण पोरीनं मागं हात केला तसा तो उठून उभाच राहिला.

साहेब खूश. “यू आर सिलेक्टेड. एनी क्वेश्चन्स?” हा प्रश्न कुणी खरा समजत नाही. कागदावर ह्याचं उत्तर आहे, ‘नो सर, थँक यू सर’.

आरोही म्हणाली, “यस सर. कॅन आय टॉक टू वन गर्ल, हू इज वर्किंग देअर नाऊ?”

“दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन. इट इज अगेन्स्ट कंपनी पॉलिसी.”

“व्हाय?”

पलीकडं घरघर, मधेच म्हैस हंबरली. “फॉर प्रायव्हसी.”

“व्हाय डू यू नीड ओरिजिनल सर्टिफिकेट्स? झेरॉक्स इज नॉट ओके?”

“मिस आरोही, यू वॉन्ट द जॉब ऑर नॉट?”

“आय वॉन्ट. पण… बट आय विल थिंक.”

साहेबांनी फोन ठेवला. वर्गात कुणीतरी टाळी वाजवली, बहुतेक शिवशंकरनं. मी भडकलो. गोरोबासमोरच बोललो, “बाई, निवड झाली! तोंडाशी आलेला घास कुणी असा तपासतं का? दिवाळी किती लांब आहे? विचार करायला बार्शीला बस मग!”

हे शेवटचं बोलायला नको होतं. तिची आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. आरोहीनं लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाली, “सर, सौदा मोडला न्हाय. पान खायला गेलेय.”

हे मी वर्गात कधी सांगितलं होतं, आठवत नाही.

८ ऑक्टोबर

आज वर्गात गेलो तर आरोही माझ्या आधी फळ्यापाशी उभी. दोन रकाने आखलेले. बोकडाचेच.

“सर, आज मी घेऊ का?”

मी खुर्चीवर बसलो. कालचं मनाला लागलं होतं म्हणून बसलो, नाहीतर उठवलं असतं.

तिनं डावीकडं लिहिलं: घरघर. म्हैस. उजवीकडं लिहिलं: एसी. बेंगळुरू. मग वर्गाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. आवाज नेहमीचाच, हळू.

“सर, काल म्हैस मीबी ऐकली. म्हैस कानावर आली. बेंगळुरू तुमी ठरवलं.”

“आणि ती घरघर?” मी म्हटलं. “एसी नाही ती?”

“एसी कधी जवळनं ऐकला न्हाय म्या. पण ही घरघर मधीच जड व्हती, आन् मग परत हलकी. खवा आळायला लागला की मोटार अशीच दमती. मी तिच्याशेजारी अभ्यास केलाय सर.” मग थांबून म्हणाली, “मी चुकत असंन. म्हणून उजवीकडं काय लिहिलं न्हाय अजून. तुमचंच लिहिलंय.”

सृष्टी म्हणाली, “सर, फोन लावून इचारा की हॉस्पिटलला. त्यांचा नंबर आसंल की.”

मी म्हटलं, आज तास संपला. वर्ग रिकामा झाल्यावर फळा पुसायला डस्टर उचललं आणि न पुसताच ठेवलं.

९ ऑक्टोबर

क्लास बंद ठेवला. हॉस्पिटलचा नंबर नेटवर सापडला. लावायला सकाळ गेली, बोलायला दोन मिनिटं. बाईनं नाव दोनदा विचारलं. त्यांच्याकडं सॅम नाही. तशी भरती नाही. जिल्ह्याचं नाव सांगितलं तर म्हणाली, तुमच्याकडून ह्या महिन्यात असा फोन पहिला नाही.

पोलीस ठाण्यात जाऊन सॅमचा नंबर, जाहिरात, सगळं दिलं. फौजदार तरुण आहेत. त्यांनी विचारलं, “तुम्ही त्याच्याशी एवढ्यांदा बोललात, तर तुम्ही काय काय विचारलंत?”

मी आठवून बघितलं. “त्यांचं इंग्रजी फार चांगलं होतं,” एवढंच निघालं तोंडातून.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला गोरोबा आला, संगं आरोही. मला वाटलं शिव्या घालायला आला. शब्द दिला होता मी. आता नोकरी नाही आणि दिवाळी तोंडावर. आपट्याची पानं हातात ठेवून तो ओट्यावर बसला.

“महारुद्रा, काल बार्शीच्या पाव्हण्यांचा फोन आला. मी बोलत व्हतो तर ही म्हणली, आप्पा, पोराला कुणी बघितलंय? मी म्हणलं, मधला माणूस म्हणतो चांगला हाय. ही म्हणली, कशावरून? आता काय सांगू? मला सांगता येईना गड्या. खवा घेताना मी बोटावर घासून बघतो, आन् पोरगी द्यायला निघालो व्हतो निस्त्या फोनावर.”

“मग?”

“मग काय. दिवाळी झाली की मी सोता जाऊन बघून येतो. हीबी येनार म्हणती. आमच्यात पोरगी जात न्हाय पोराचं घर बघायला.” तो स्वतःशीच हसला. “गुढीपाडव्यापतूर कुणाला हो म्हणत न्हाय.”

महानंदा चहा घेऊन आली आणि तिनं बॉम्ब टाकला. तेरखेड्याच्या फटाक्यांपेक्षा मोठा. “अहो, सकाळची बॅच तुम्हाला झेपत नाही म्हणता, तर ह्या पोरीला का देत नाही?”

मी आरोहीकडं बघितलं. वाटलं, लाजेल. ती म्हणाली, “चार प्रश्न हायेत सर.”

“चार?”

“पगार ठरलेला का बॅच भरंल तसा? कागदावर देणार का? मी शिकवताना मधी बोलणार का? आन् बोर्डावरची हमी काढणार का?”

गोरोबानं कपाळाला हात लावला. “बघ बाबा. घरात रोज असं.”

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला जरा वेळ लागला. चौथ्यासाठी शिडी आणली. शिवशंकर पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि ‘नोकरीची शंभर टक्के हमी’वर दोन हात मारले. ‘तीन महिन्यांत फाडफाड’वरही तो आपल्या मनानंच मारून मोकळा झाला.

“फोटोबी?” त्यानं वरून विचारलं.

“फोटो राहू दे,” मी म्हणालो. “तेवढं तर खरं आहे.”

आरोही नुसती फोटोकडं बघत राहिली.

१६ ऑक्टोबर

सकाळची बॅच चालू झाली. मी मधी बोलणार नाही असं कबूल केलंय, म्हणून बाहेर पायरीवर बसतो. आत गलका असतो. सिताबाई पायरीपाशी थांबली होती, शिवशंकरचा डबा घेऊन. आत तो वडिलांबद्दल बोलत होता. ‘माय फादर वॉज अ फिटर. ही वोक अप लेट. ही सँग वेरी बॅड.’ वर्ग हसत होता. तिनं विचारलं, “काय म्हणतोय सर?” मी मराठीत सांगितलं. ती पण हसली. मग डबा माझ्या हातात देऊन निघून गेली.

मला आत जाऊन बोलावंसं वाटतं. दिवसातून दहादा वाटतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

फौजदारांचा फोन. सॅम सापडला. बेंगळुरू नव्हे, भूम. आमच्याच तालुक्याचं गाव, माझी बाजारची वाट. एका म्हशींच्या गोठ्याशेजारी खोली घेतली होती, भिंतीपलीकडं खव्याची भट्टी. कपाटात पोरींची प्रमाणपत्रं सापडली, ती जिची तिला जातील.

मी म्हणालो, “चला, सुटलो. इंग्रजी मात्र फार चांगलं होतं हो त्याचं.”

“त्याला विचारलं आम्ही,” ते म्हणाले, “एवढ्या क्लासांतून ह्या सरांनाच जाहिरात का पाठवलीस? तर म्हणतो, ते सर इंग्रजी ऐकलं की प्रश्न विचारत नाहीत.”

“त्याला काय माहीत?”

मग पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्यांनी सॅमचं खरं नाव वाचून दाखवलं.

मल्हार. माझी पहिली बॅच.